बालगृहाच्या दिनक्रमात शिरताना

बालगृहातून मला बोलावणं आलं ते मुलांच्या अक्षरासाठी. समाजकार्यकर्तीने पाठवलेल्या यादीत प्रत्येक नावापुढे जवळपास एकच मजकूर होता: अभ्यासाला बसत नाही, लिहिणं टाळतो, अंगावर धावून जातो, सांगितलेलं डोक्यात शिरत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे रोजची कामं ज्यांना जमत नाहीत त्यांना ती जमावीत यासाठी मदत करणारी म्हणून, त्याआधी मी हॉस्पिटलमध्ये आणि बालविकास केंद्रात काम केलं होतं. तिथे मूल पालकांचं बोट धरून येतं, पाऊण तास थेरपी घेतं आणि घरी जातं. उरलेलं काम घरचे करून घेतात. बालगृहातलं मूल थेरपी संपल्यावर परत जातं ते ओळीने लावलेल्या अंथरुणांच्या हॉलमध्ये, पाळीपाळीने बदलणाऱ्या माणसांकडे. घरी मारहाण, अत्याचार किंवा टोकाची हेळसांड झाली म्हणून, नाहीतर सांभाळणारं कोणी उरलं नाही म्हणून, त्याला संरक्षणासाठी इथे आणलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं विसावं कलम अशा मुलांना विशेष संरक्षणाचा हक्क देतं, आणि एकोणचाळिसावं कलम शरीर-मन सावरण्यासाठी मदत मिळण्याचा. ही कलमं मुलाच्या रोजच्या दिवसात कशी उतरवायची, हे मी या कामात शिरल्यावर हळूहळू शिकले. त्याची ही हकीकत. मुलांची ओळख पटू नये म्हणून वयं आणि काही तपशील बदलले आहेत.

अधीक्षक मॅडमनी मोठ्या आस्थेने एक खोली रिकामी करून ठेवली होती. झोका, गाद्या, चेंडू, काय लागेल ते मागवू म्हणाल्या. मी त्यांच्याकडे आधी परवानगी मागितली ती पहाटेच्या घंटेला आणि रात्री दिवे मालवायच्या वेळी हजर राहण्याची. त्या जरा गोंधळल्या, पण हो म्हणाल्या. पहिले काही आठवडे मी एकाही मुलाला टेबलाशी बसवलं नाही. वही घेऊन दिवसभर त्यांच्यामागे फिरले.

आमच्या पेशाचा पायाच दिनक्रम आहे. मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅडॉल्फ मायर यांनी १९२२ मध्ये काम, खेळ, विश्रांती आणि झोप या चार गोष्टींच्या लयीवर आमच्या क्षेत्राचं तत्त्वज्ञान मांडलं. बालगृहाच्या भिंतीवरच्या वेळापत्रकात या चारही गोष्टी होत्या, अगदी मिनिटांसकट. पण त्यातली एकही मुलाच्या हातात नव्हती. उठायचं कधी ते घंटा ठरवायची. कपडे सामायिक गठ्ठ्यातून यायचे, कंगवा सामायिक, ताट कोणीतरी वाढून पुढे सरकवायचं. एका मोठ्या मुलाला मी विचारलं, "आज सकाळपासून तू स्वतः काय ठरवलंस?" तो खरोखर विचारात पडला आणि म्हणाला, "कोणाशी बोलायचं नाही ते."

बाहेरच्या परिस्थितीमुळे माणसाला अर्थपूर्ण कामांपासून दीर्घकाळ वंचित राहावं लागलं तर त्याचं काय होतं, यावर आमच्याच पेशातल्या अभ्यासक गेल व्हाइटफोर्ड यांनी कैदी आणि निर्वासितांच्या संदर्भात लिहिलं आहे. संरक्षणासाठी ठेवलेल्या मुलांच्या बाबतीत हेच घडतं, आणि तेही चांगल्या हेतूने. मुलाला इजा होऊ नये म्हणून सुरी नाही, चूल नाही, रस्ता नाही, कात्री कपाटात बंद. मूल सुरक्षित राहतं आणि त्याच वेळी वयाप्रमाणे यायला हवीत अशी कामं त्याच्या हातून कधी होतच नाहीत. यादीतल्या कित्येक 'आळशी' मुलांना चादरीची घडी घालायला कोणी शिकवलंच नव्हतं.

त्यानंतर मूल्यमापनाची पाळी आली, आणि तिथे माझी नेहमीची हत्यारं अपुरी पडली. मूल कधी बसायला लागलं, कधी चाललं, जन्माच्या वेळी काही त्रास झाला का, हे प्रश्न आम्ही आईला विचारतो. इथल्या फाईलमध्ये दाखल करून घेतल्याचा आदेश, डॉक्टरांचा दाखला आणि शाळेची इयत्ता एवढंच. संवेदनांविषयीची प्रश्नावली, विनी डन यांनी तयार केलेली, मुलाला जवळून ओळखणाऱ्या मोठ्या माणसाने भरायची असते. असं माणूस कोण, हाच प्रश्न होता. शेवटी नऊ वर्षांच्या एका मुलाबद्दल मी तीन जणांना वेगवेगळं विचारलं. दिवसपाळीच्या मावशी म्हणाल्या, कोणाचा धक्का लागला तरी मारायला उठतो. वर्गशिक्षक म्हणाले, वर्गात आहे की नाही तेही कळत नाही. रात्रपाळीच्या मावशींनी सांगितलं, की तो सगळे झोपल्याशिवाय झोपत नाही, आणि झोपताना मावशींची खुर्ची आपल्या अंथरुणापासून किती लांब आहे ते दोनदा उठून बघतो.

या तीन उत्तरांची सरासरी काढून चालणार नव्हतं. गर्दीत आणि आवाजात तो लढायचा, अनोळखी मोठ्या माणसासमोर आतल्या आत मिटून जायचा, आणि रात्री पहारा द्यायचा. रात्रभर पहारा देणारं मूल सकाळी दहा वाजता गणितात लक्ष कसं देईल? त्याच्या नावापुढे 'चंचल' लिहिलेलं होतं. अशा मुलांवर घाईने अतिचंचलतेचा शिक्का बसतो आणि झोपेची चौकशी कोणी करत नाही, याचा मला अजूनही राग येतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण आमच्याच क्षेत्रात तिच्याबद्दल उत्साह जास्त आणि सावधपणा कमी दिसतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन आयर्स यांनी संवेदी एकात्मतेची मांडणी केली ती प्रामुख्याने शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांच्या अभ्यासातून. स्पर्श, तोल, सांध्यांवरचा आणि स्नायूंवरचा ताण यांची माहिती मेंदू कशी जुळवतो, हे समजायला ती मांडणी आजही मोलाची आहे. पण मागून हात लागला की दचकणाऱ्या मुलाची त्वचा संवेदनशील आहे, की मागून येणारा हात त्याने पूर्वी सोसला आहे? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मी तपासायला लागले ते असं: शर्टाच्या मानेवरचं लेबल टोचतं का, वाळूत हात घालतो का, मित्र अंगावर पडला तर हसतो का, आणि मोठं माणूस जवळ आलं तरच अंग आक्रसतं का. सगळीकडे त्रास होत असेल तर एक वाट, फक्त मोठ्या माणसांपाशी होत असेल तर दुसरी. बऱ्याच मुलांत दोन्ही मिसळलेलं असतं आणि त्या वेळी सुरक्षिततेचं काम आधी करावं लागतं. घट्ट दाब देणं, गुंडाळणं असले प्रकार तर मुलाने स्वतः मागितल्याशिवाय आणि त्याला हवं तेव्हा थांबवता येत असल्याशिवाय मी करत नाही. एका देणगीदाराने सगळ्या मुलांसाठी वजनदार पांघरुणं देऊ केली तेव्हा मी नको म्हटलं. जे पांघरूण मुलाला स्वतःहून दूर सारता येत नाही, ते त्याच्या अंगावर टाकायचं नाही.

मुलाचं काय झालं होतं, हेही मी विचारत नाही. ते समुपदेशक आणि तपास करणाऱ्यांचं काम आहे. पण हात मातीत असले की मुलं आपणहून बोलतात. अशा वेळी ऐकून घ्यायचं, खोदून विचारायचं नाही, हे गुपित ठेवता येणार नाही असं त्याला प्रेमाने सांगायचं, त्याचेच शब्द लिहून ठेवायचे आणि त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीला कळवायचं. ही शिस्त मी काम सुरू करण्याआधीच अधीक्षकांकडून लेखी ठरवून घेतली.

मग मी मुलांना विचारलं की त्यांना काय करायचंय. आमच्याकडे १९९१ मध्ये कॅनडात तयार झालेली एक पद्धत आहे: माणूस स्वतःच सांगतो कोणतं काम त्याला महत्त्वाचं वाटतं, ते किती जमतं आणि त्यात किती समाधान आहे, आणि एक ते दहा असे गुण देतो. लहानांसाठी मी गुणांऐवजी खडे वापरले. कर्मचाऱ्यांच्या यादीत अभ्यास, शिस्त, अंथरूण ओलं करणं आणि मारामारी होती. मुलांच्या यादीत स्वतःचा कंगवा होता. बहिणीला पत्र लिहायला येणं होतं. "मला केस धुताना रडायचं नाहीये" हे होतं. एका पंधरा वर्षांच्या मुलीने 'दुकानात जाऊन स्वतः काहीतरी विकत घेणं' यापुढे महत्त्वाचे दहाच्या दहा खडे ठेवले आणि 'किती जमतं' यापुढे एकही ठेवला नाही. दोन्ही याद्या शेजारी ठेवून मी बैठकीत वाचून दाखवल्या. त्या बैठकीनंतर कामाची दिशा बदलली.

केस धुताना रडायचं नाही म्हणणारी मुलगी सात-आठ वर्षांची. तिच्या आंघोळीला दोन मावशी लागायच्या, एक धरायला आणि एक पाणी ओतायला. नोंदवहीत लिहिलेलं होतं: पाण्याला घाबरते. पण हीच मुलगी नळाखाली बाहुलीचे कपडे धुताना मी बघितली होती, कोपरापर्यंत भिजलेली आणि मजेत. म्हणजे भीती पाण्याची नव्हती. मी मावशींच्या परवानगीने आणि तिच्याही परवानगीने दाराबाहेर उभी राहून फक्त आवाज आणि क्रम टिपला. दार सताड उघडं, बाहेर रांग, 'आटप लवकर'चा घोषा. साबण डोक्यावरून चेहऱ्यावर उतरतो, डोळे मिटतात, आणि नेमकं तेव्हाच मागून डोक्यावर पाण्याचा तांब्या येतो. किंचाळी दर वेळी त्या एका क्षणाला. डोळे बंद असताना, उघड्या अंगावर, मागून, न सांगता.

आम्ही त्या कामाचे तुकडे केले. तिचा नंबर रांगेत शेवटी, म्हणजे घाई नाही. दार किती लोटायचं ते ती ठरवणार. बादली पुढ्यात, पाठ भिंतीला, तांब्या तिच्याच हातात. मावशी समोर पाटावर, तिच्या नजरेच्या पातळीवर बसतील आणि पुढे काय होणार ते आधी सांगतील. चेहऱ्याला साबण नाही, ओला रुमाल. कोरडा पंचा हाताशी, डोळ्यांत काही गेलं तर पुसायला. सुरुवातीला फक्त पाय, मग गुडघे, मग खांदे. डोक्याचं काम आम्ही आंघोळीपासून वेगळंच काढलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी न्हाणीघर रिकामं असतं, तेव्हा केस धुवायचे, ही कल्पना मावशींची. मान मागे टाकून, कपाळावर घडी केलेला रुमाल धरून, डोळे उघडे ठेवून तिने स्वतः पाणी ओतायचं. मावशी आकडे म्हणायच्या, पाचपर्यंत आले की तांब्या थांबणार म्हणजे थांबणार. हा शब्द त्यांनी एकदाही मोडला नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम त्या न मोडलेल्या शब्दाने केलं.

ओरडणं कमी व्हायला वेळ लागला, मध्येच वाढलंही. नवीन मावशी रजेच्या जागी आल्या की पुन्हा पहिल्या पायरीवर. म्हणून क्रम चित्रांत काढून न्हाणीघराच्या दाराआड लावला. पुढे एका सकाळी तिने मावशींना हाक मारून पाठ चोळून मागितली. शाळेतल्या मारामाऱ्या त्याच काळात उतरल्या, कारण आता ती रोज एक लढाई लढून शाळेत पोचत नव्हती. अक्षरावर आम्ही तोवर काहीच काम केलं नव्हतं. नंतर केलं तेव्हा ती पेन्सिल धरून बसायला तयार होती.

रात्री पहारा देणाऱ्या मुलाचं अंथरूण आम्ही मधल्या ओळीतून भिंतीकडे हलवलं, तिथून दार दिसेल असं. मावशींच्या खुर्चीची जागा खडूने आखली आणि ती रोज तिथेच राहील असं ठरलं. झोपण्याआधी गाद्या ओढून लावायचं काम त्याने मागून घेतलं होतं. अंगाला जोर लागणारं काम केल्यावर तो निवळतो, हे माझ्याही लक्षात आलं होतं. पण संस्थेत मुलाला काम सांगताना डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. जड काम थेरपीच्या नावाखाली कर्मचाऱ्यांच्या सोयीचं व्हायला वेळ लागत नाही. म्हणून आमचा नियम असा: मुलाने निवडलेलं हवं, थोडा वेळच हवं, नाही म्हणायची मुभा हवी, आणि शिक्षा म्हणून कधीही नको.

शांत कोपऱ्याच्या बाबतीत ही घसरण डोळ्यांसमोर झाली. गाद्या, जुन्या चादरींचा आडोसा आणि मंद दिवा, असा कोपरा मुलांनीच सजवला होता. थोड्याच दिवसांत हॉलमधून आवाज यायला लागला, "जा, कोपऱ्यात जाऊन बस!" मुलांनी तिथे जाणं सोडून दिलं. बैठकीत आम्ही ठरवलं की कोणतंही मोठं माणूस कोणालाही तिथे पाठवणार नाही. फक्त विचारायचं, "मी येऊ का तुझ्याबरोबर?" बिथरलेलं मूल एकट्याने शांत व्हायला शिकत नाही. आधी कोणातरी शांत माणसाच्या सोबतीने निवळायचा अनुभव पुन्हा पुन्हा मिळावा लागतो.

आणि ते शांत माणूस म्हणजे काळजीवाहक मावशी आणि दादा. त्यांच्याबद्दल बाहेर फार कठोर बोललं जातं. एका पाळीत एवढी मुलं, त्यात कोणाला ताप, कोणी पळून जायच्या बेतात, रजिस्टर भरायचं, भेटीला आलेल्यांना सांभाळायचं. त्यांना भाषणं देऊन काही होत नाही. मी त्यांच्याबरोबर पाळीत काम केलं आणि कामातच दोन-तीन सवयी रुजवल्या: समोरून जायचं, आधी नाव घ्यायचं, विचारून मग हात लावायचा, काही बदलणार असेल तर आधी सांगायचं. गादीखाली खाऊ लपवणाऱ्या मुलांवर झडती बंद झाली ती त्यांच्यामुळेच. प्रत्येकाला नावाचा झाकणाचा डबा द्यायचा आणि तो रिकामा राहू द्यायचा नाही, हे त्यांनीच चालवलं. उपाशी राहिलेल्या मुलाला उद्या मिळेल हे सांगून पटत नाही, डबा भरलेला बघून हळूहळू पटतं.

हे सगळं करताना एक गोष्ट मला सतत टोचत राहते. रोमानियात बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थेत वाढणाऱ्या १३६ लहान मुलांपैकी निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबात, ठेवलं गेलं. कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ आणि जवळीक जोडण्याची क्षमता संस्थेतल्या मुलांपेक्षा सुधारली, आणि जी दोन वर्षांची होण्याआधी गेली त्यांना विशेष फायदा झाला. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, तीही कुटुंबाकडेच बोट दाखवतात. संस्था कितीही मायेची केली तरी ती मुलाचा कायमचा मुक्काम होऊ नये असं माझं ठाम मत आहे. म्हणून माझ्या अहवालात आता उणिवांची यादी शेवटी येते. आधी लिहिते ते हे: या मुलाला घरात नेलं तर पहिल्या महिन्यात काय लागेल.

कारण मुलं अचानक जातात. आदेश येतो, दुपारी गाडी येते. नव्या ठिकाणी आंघोळीचा क्रम, झोपायची जागा, हे कोणालाच माहीत नसतं आणि मूल पुन्हा शून्यावर येतं. त्यासाठी आम्ही प्रत्येक मुलाबरोबर बसून एक पान लिहितो, त्याच्याच शब्दांत. 'मला नाव घेऊन उठवा, हलवून उठवू नका.' 'मी रागावलो तर बाजूला बसा, बोलू नका.' 'माझी निळी पिशवी धुवायची नाही.' दर तीन महिन्यांनी ते पान बदलतं आणि फाईलमध्ये सगळ्यात वर लागतं. मुलाच्या स्थितीचा ठरावीक काळाने आढावा घ्यावा असं बालहक्क कराराचं पंचविसावं कलम सांगतं. त्या आढाव्यात हे पान वाचलं जावं म्हणून मी आग्रह धरते.

अठराव्या वर्षाकडे निघालेल्या मुलामुलींचं काम सर्वांत उशिरा सुरू झालं. स्वयंपाकघरात जायची परवानगी मिळवायला मला धोक्यांची लेखी यादी आणि प्रत्येकावरचा उपाय द्यावा लागला. आता गॅस लावणं, पैशांचा हिशेब, स्वतःच्या औषधांच्या वेळा, तिकीट काढून ठरलेल्या ठिकाणी जाऊन परत येणं, हे खरंखुरं करून शिकवलं जातं. दुकानाला खडे ठेवणारी ती मुलगी पहिल्यांदा एकटी आत गेली तेव्हा मी ठरल्याप्रमाणे रस्त्याच्या पलीकडे थांबले होते. तिने बराच वेळ घेतला, एक वस्तू परत ठेवली, दुसरी उचलली, उरलेले पैसे मोजून घेतले आणि बाहेर येऊन म्हणाली, "ताई, काकांनी दोन रुपये कमी दिले होते, मी मागून घेतले."

सध्या मासिक बैठक आम्ही सकाळी पाळी बदलतानाच घेतो, म्हणजे रात्रपाळीच्या मावशींनाही बोलता येतं. पुढच्या बैठकीत कुलपांचा विषय आहे. प्रत्येक मुलाला स्वतःच्या किल्लीचा एक खण मिळावा अशी माझी मागणी आहे, दुसरी किल्ली कार्यालयात राहावी असं अधीक्षकांचं म्हणणं आहे, आणि ती किल्ली कधी, कोणासमोर वापरायची हे मुलांना विचारून ठरवायचं, इथपर्यंत आम्ही आलो आहोत.